वीस मिलीचा हिशेब

"वहिनी, घरी गेल्यावर आमटीला फोडणी दिली तर तिचासुद्धा वास येत नाही मला. नाकात नुसता तो मशीनचा वास बसलाय."

आमच्या बचत गटातली मधलवाडीची मैत्रीण हे म्हणाली, तेव्हा आम्ही सगळ्याजणी हसलो होतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे कळायला पुढचे पंधरा दिवस आणि तीन हजार आठशे रुपये लागले.

मैत्रिणींनो, आज मी तुमच्याशी चक्क ऑइलबद्दल बोलणार आहे. स्वयंपाकाच्या तेलाबद्दल नाही, पेट्रोलमध्ये मिसळतात त्या टू-टी ऑइलबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या पुरवणीत हे कशाला? ते नवऱ्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी बघावं. मीही तसंच म्हणत होते. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली बाई मी. कादंबरी कुणाची हे विचारा, पिस्टन कुठे असतो ते विचारू नका, असा माझा खाक्या होता. पण मशीन बायकांच्या खांद्यावर आलं की त्याचा धूरही बायकांच्याच नाकात जातो.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन लांजा तालुक्यात आले, त्यालाही वीस वर्षं झाली. घर, सासूबाई, लेकीची शाळा हे सगळं सांभाळून गटाचं काम सुरू केलं आणि बघता बघता त्यातच रमले. आमचा गट अकराजणींचा. लोणची-पापड झाले, कोकम सरबत झालं, पण त्यात पैसा सुटेना. प्रत्येक वाडीत एक तरी गट सरबतच करतोय! मग २०२३ साली आम्ही जरा वेगळा विचार केला. आमच्याकडे पावसाळा सरता सरता आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढं गवत माजतं. ते वेळेवर कापलं नाही तर पुढे वणव्याची भीती. या कामाला आमच्याकडे बेणणी म्हणतात. तरणी मुलं मुंबईला, बागेत राखणीला असलेले नेपाळी गडी आधीच कामात बुडालेले, त्यामुळे बेणणीला माणूस मिळता मिळत नाही. आम्ही कर्ज काढून दोन ग्रास कटर घेतले. खांद्याला पट्टा, लांब दांडा, टोकाला फिरणारं पातं आणि पाठीमागे छोटंसं इंजिन. सुरुवातीला गावातले पुरुष बांधावर उभे राहून बघायचे. आता तेच फोन करून तारीख मागतात.

मधलवाडीची आमची ही मैत्रीण म्हणजे गटाची हुकमी फलंदाज. उतारावरचं, दगडगोट्यातलं, कलमांच्या बुंध्याशी असलेलं अवघड गवत तिच्याच वाट्याला. सलग दोन-अडीच तास मशीन चालवायची. आणि ते मशीन असं धुरायचं, की लांबून पाहिलं तर बागेत कुणी ओल्या पाल्याची शेकोटी पेटवलीय असं वाटावं. निळसर, उग्र, डोळे चुरचुरवणारा धूर. दुसऱ्या हंगामात, म्हणजे २०२४च्या ऑक्टोबरात, तिला खोकला सुरू झाला. संध्याकाळी डोकं भणाणायचं. तिचा मुलगा नालासोपाऱ्याला असतो. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, ते मशीन सोड. पैसे मी पाठवतो."

"त्याचे पैसे त्यालाच पुरत नाहीत, तो काय पाठवणार?" असं मला म्हणाली खरी, पण मग हळूच विचारलं, "वहिनी, धूर जरा कमी नाही का हो होणार?"

आता ऐका माझा शहाणपणा. मशीन देताना दुकानदाराने सांगितलं होतं, एक लिटर पेट्रोलला दोन टोपणं ऑइल. दोन टोपणं म्हणजे साधारण चाळीस मिली. धूर तेलाचा असतो एवढं मला ठाऊक होतं. मग सोपंच की! तेल कमी केलं की धूर कमी. मी आधी दोनाचं एक टोपण केलं. धूर खरंच कमी झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग माझा हात आणखी सैल सुटला, किंवा आखडला म्हणा, आणि मी अर्ध्या टोपणावर आले. धूर जवळजवळ दिसेनासा झाला. वर ऑइलचे पैसेही वाचले. मी मनात म्हटलं, बघा, शिकलेल्या बाईचा उपयोग!

चौथ्या दिवशी भर बागेत मशीनने एक चमत्कारिक किंकाळी फोडली आणि ते बंद पडलं. सुरू करायची दोरी ओढू गेलो तर जागची हलेना. जणू आतून कुणी धरून ठेवली होती.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याने मशीन उघडलं. पिस्टन बाहेर काढून माझ्या हातात दिला. त्याच्या एका अंगावर उभे ओरखडे, जसे तारेच्या घासणीने नॉनस्टिक तव्यावर पडतात तसे.

"सीज झालंय. ताई, तेल कुणी कमी केलं?"

माझ्याबरोबर गटाच्या दोघी होत्या. त्या माझ्याकडे बघेनात, हे विशेष. मीच म्हटलं, "मी."

पिस्टन, रिंगा, सिलिंडर आणि मजुरी मिळून तीन हजार आठशे. आठवडाभराची कामं रद्द झाली ती वेगळीच. पुढच्या बैठकीत मी सगळा खर्च स्वतः भरते म्हणाले. मधलवाडीच्या मैत्रिणीने ठरावाची वही माझ्यापुढून ओढून घेतली. "माझ्यासाठी केलं ना त्यांनी? मग अर्धे माझे." शेवटी खर्च गटाने उचलला, पण त्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं ते वाक्य अजून आहे: तेल कमी घातल्यामुळे मशीन नादुरुस्त.

त्या रात्री मी बाबांना फोन केला.

आमच्याकडे पुण्यात चेतक होती. आकुर्डीला बजाजची ही स्कूटर १९७२पासून निघायची आणि एके काळी ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आमची चेतक म्हणजे बाबांचं दुसरं अपत्य. सकाळी ती आडवी करून मग किक मारणं, पंपावर पेट्रोलनंतर त्या हातपंपाने ऑइल टाकून घेणं, हे सगळं मी मागच्या सीटवरून पाहिलेलं. पंपावरचा मुलगा विचारायचा, "ऑइल?" आणि बाबा बोट वर करून बजावायचे, "मोजून. जास्त नको." लोक बाबांना चिक्कू म्हणत असतील, असं मला लहानपणी वाटायचं.

"अगं, टू-स्ट्रोकची गंमतच वेगळी आहे," बाबा फोनवर सांगू लागले. ऐंशीच्या घरात आहेत, पण चेतकचा विषय निघाला की आवाज चाळिशीचा होतो. "तुझ्या स्कूटीत ऑइल खाली त्याच्या जागी बसलेलं असतं. ते आत फिरतं, परत येतं, ठरावीक किलोमीटरनंतर आपण बदलतो. टू-स्ट्रोकला ती सोयच नाही. पेट्रोल आणि हवा आधी इंजिनच्या पोटातून जातात आणि मग वर जाऊन जळतात. पोटातून जाताना पेट्रोलबरोबर आलेलं तेलच सगळ्या फिरत्या भागांना वंगण देतं. मग तेही वर जातं, जमेल तेवढं जळतं, उरलेलं बाहेर पडतं. ते न जळलेलं बारीक तेल म्हणजे तुमचा तो निळा धूर."

मला एकदम घावन आठवलं. बिडाच्या तव्याला तेल लावलं नाही तर घावन चिकटलंच म्हणून समजा. तेल जास्त झालं तर घरभर धूर. मी कमी तेलात घावन घालायला गेले होते आणि तवाच खरवडून बसले होते. पण यात एक तिसरी गोष्टही असते, ती सासूबाईंना विचारा: तेल कुठलं आहे? पुन्हा पुन्हा तापवलेलं, तळणीतलं उरलेलं तेल तव्याला लावलं तर ते मापात असूनही धुरतं.

"तुम्ही कुठलं ऑइल घालता?" बाबांनीही नेमकं तेच विचारलं.

मी म्हटलं, "लाल."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

तर मैत्रिणींनो, पहिला धडा इथे. टू-टी ऑइलला लाल, निळा, हिरवा रंग मुद्दाम देतात. तेल मिसळलेलं पेट्रोल कुठलं आणि साधं कुठलं, हे नजरेला कळावं म्हणून. रंगावरून प्रत कळत नाही. आमच्याकडचा डबा मी दुसऱ्या दिवशी कपाटातून काढून, चष्मा लावून, जॅमची बाटली वाचावी तसा वाचला. पुढे मोठ्या अक्षरांत 'सुपर', त्याखाली धावणारी मोटारसायकल, मागे किंमत. प्रत सांगणारं एकही अक्षर नाही.

प्रत कशी ओळखायची, हे मग माझ्या बारावीतल्या लेकीने आणि मी मिळून शोधलं. मशीनबरोबर एक पुस्तिका आली होती. ती आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, म्हणजे न वाचता. त्यात स्पष्ट छापलं होतं: जासो एफसी किंवा एफडी, अथवा आयएसओ ईजीसी किंवा ईजीडी प्रतीचं ऑइल वापरल्यास पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, दुसरं कुठलं टू-टी असेल तर पंचवीसाला एक. दुकानदाराची दोन टोपणं म्हणजे तो पंचवीसाला एकचा हिशेब. त्याचं चूक नव्हतं, त्याच्या तेलाला तेच माप होतं. आणि मी हलक्या तेलाचं माप चांगल्या तेलाच्याही निम्म्यावर आणून ठेवलं होतं. शंभराला एक! पिस्टन ओरडेल नाहीतर काय करेल.

जासो ही जपानची वाहनांसाठी मानकं ठरवणारी संस्था. तिने टू-टी ऑइलच्या प्रती पाडल्या आहेत. एफबी, एफसी, एफडी ही अक्षरं मी बैठकीत फळ्यावर लिहिली, तर आमच्या खजिनदार काकी म्हणाल्या, "एफडी म्हणजे बँकेतली ना? ती मोडायची नाही हां!" कॉलेजात जाणारी एक सून म्हणाली, एफबी म्हणजे फेसबुक. हसून झाल्यावर मी त्यांना ती गुणपत्रिका समजावली. एक नमुन्याचं तेल धरतात, त्याला शंभर गुण. बाकीच्या तेलांची त्याच्याशी तुलना करतात. वंगणाच्या विषयात तिघांनाही किमान पंच्याण्णव गुण हवेत. म्हणजे इंजिन सांभाळण्यात एफबीही काही नापास नाही. फरक पडतो तो धुराच्या विषयात. धूर कमी करण्यात एफबीला पंचेचाळीस गुण मिळाले तरी चालतात, एफसी आणि एफडीला मात्र पंच्याऐंशी लागतात. तिसरा विषय स्वच्छतेचा, म्हणजे आत काजळी आणि चिकटा किती कमी धरतो याचा. तिथे एफबीला पंच्याऐंशी, एफसीला पंच्याण्णव आणि एफडीला एकशे पंचवीस. तेव्हा धुरापुरतं पाहिलं तर एफसी आणि एफडी एका बाकावरचे. एफडी स्वच्छतेत पुढे.

हे तेल कमी का धुरतं, याचंही उत्तर मिळालं. जुन्या तऱ्हेच्या टू-टीमध्ये जड खनिज तेल जास्त असतं, ते नीट जळत नाही. कमी धुराच्या तेलात त्यातलं बरंचसं काढून पॉलिआयसोब्युटिलीन नावाचा पदार्थ घालतात. नाव उच्चारताना माझी बोबडी वळली, पण काम साधं आहे. तो भरपूर तापला की तुटून जातो, मागे फारशी घाण ठेवत नाही.

आणि हे काही काल-परवाचं ज्ञान नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ला आदेश दिला होता, त्यात हे टू-टी ऑइलसुद्धा होतं. पंपांवर आणि गॅरेजमध्ये सुटं टू-टी विकणं वर्षअखेरीपर्यंत बंद करायचं आणि पेट्रोलमध्ये मोजून मिसळून देणारी यंत्रं बसवायची. सुट्या तेलात प्रतीचा भरवसा नाही, आणि जास्त तेल म्हणजे इंजिनची जास्त काळजी असं समजून लोक वाटेल तेवढं ओतायचे. बाबांचं ते वर केलेलं बोट मला पंचवीस वर्षांनी कळलं. पुढे दुचाक्या फोर-स्ट्रोक होत गेल्या, रस्त्यावरचा निळा धूर हटला, आपण तो विसरलोही. तो आता आमच्या बागांत आलाय. ग्रास कटरच्या, झाडं कापायच्या करवतीच्या, पाठीवरच्या फवारणी पंपाच्या रूपाने. आणि अर्थातच, तिथे पंपावरचं ते मोजून देणारं यंत्र नाही. तिथे टोपण आहे आणि माझ्यासारख्या अर्धवट शहाण्या बाया आहेत.

ऑइल शोधायला मी रत्नागिरीला गेले. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर, "एफडी? ताई, धूर तर सगळ्याच मशीनला येतो," एवढंच उत्तर मिळालं. मधल्या काळात गटातल्या एकीच्या भावाने निरोप धाडला होता. तो मासेमारीच्या होडीवर आहे. म्हणाला, आमच्या होडीच्या मशीनचं ऑइल एकदम भारी असतं, एक डबा फुकट देतो. फुकट म्हटल्यावर आमचा गट लगेच तयार! पण डब्यावर टीसी-डब्ल्यू थ्री असं होतं. लेकीने वाचून दाखवलं, की हे तेल होडीला मागून लावतात त्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. आमचं मशीन वाऱ्याने थंड होणारं, आतून कितीतरी जास्त तापतं. त्याला हे तेल नव्हे. भावाचा डबा आभार मानून परत केला. चांगलं असणं वेगळं आणि आपल्यासाठी असणं वेगळं, हे स्थळं बघताना आपल्याला कळतं, तेलाच्या बाबतीत कळायला वेळ लागला.

रत्नागिरीत तिसऱ्या दुकानात एफडी मिळालं. लिटरला चारशे साठ रुपये. आमचं 'सुपर' दोनशे ऐंशीला होतं. खजिनदार काकींचा चेहरा मला बसमध्येच दिसू लागला. घरी येऊन कागद घेतला. जुनं तेल एका लिटर पेट्रोलला चाळीस मिली, म्हणजे अकरा रुपये वीस पैसे. नवं वीस मिली, म्हणजे नऊ रुपये वीस पैसे. महागडं तेल लिटरमागे दोन रुपयांनी स्वस्त पडत होतं! एका मशीनला दिवसाला चारेक लिटर पेट्रोल लागतं. हिशेब मांडल्यावर काकींनी तो दोनदा तपासला, मग चष्मा काढून म्हणाल्या, "मग एवढे दिवस काय केलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेल बदलणं म्हणजे नुसता डबा बदलणं नव्हे, हे गॅरेजवाल्याने बजावलं होतं. जुनं मिश्रण टाकीतून काढलं, उरलेलं संपेपर्यंत मशीन चालवून बंद पडू दिलं. प्लग काढला, तो काळाकुट्ट आणि ओलसर, कढईच्या बुडासारखा. तो बदलला. सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काजळीने निम्मी बुजली होती, ती घासली. मग मिश्रण. टोपण आम्ही कायमचं रद्द केलं. औषधाच्या दुकानातून वीस मिलीची सिरिंज आणली, सुई नसलेली. स्वच्छ कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, त्यात मोजून तेल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. कॅनवर लाल नेलपॉलिशने 'मिक्स' असं लिहिलं, कारण आमच्या घरात साध्या पेट्रोलचाही कॅन असतो. साधं पेट्रोल चुकून मशीनमध्ये गेलं तर माझ्या अर्ध्या टोपणापेक्षा भयंकर प्रकार. मिश्रण करायचं ते लागेल तेवढंच. महिनाभर ठेवून शिळं वापरायचं नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा!

पहिल्या दिवशी मशीन सुरू केलं आणि धूर आला. चांगलाच आला. माझं तोंड उतरलं. मधलवाडीची मैत्रीण मात्र शांतपणे गवत कापत राहिली. सायलेन्सरमध्ये मुरलेलं जुनं तेल जळून जायला वेळ लागतो, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या टाकीला धूर विरळ झाला, तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात निरखून पाहिलं तर सुरू करतानाचा एक भपका, मग जवळजवळ काहीच नाही. पंधरा दिवसांनी प्लग काढून पाहिला. कोरडा, फिकट तपकिरी, दुधाच्या कॉफीच्या रंगाचा. गॅरेजवाला म्हणाला, "आता बरोबर." मला बी.ए.च्या निकालानंतर एवढा आनंद झाला नव्हता. मैत्रिणीचा खोकला हळूहळू कमी झाला. डॉक्टरांकडे मी तिला त्याआधीच नेलं होतं, त्यांनी औषध दिलं होतं. तेव्हा सगळं श्रेय तेलाला द्यायचं मला धाडस नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर फार छान झालं असतं. पण डिसेंबरात एक काम आलं. घराच्या मागे उंच चिरेबंदी गडगा, पुढे मांगर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत माजलेलं रान. वारा नावाला नाही. मधलवाडीवाली अर्धा तास आत होती. धूर अजिबात नव्हता, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. बाहेर आली ती भिंतीला धरून खाली बसली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. मोकळ्यावर नेऊन बसवलं, तासाभराने बरं वाटलं, पण मी घाबरून गेले होते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चांगलं झापलं. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दिसणारा धूर तेलाचा. हा वायू पेट्रोलचा, आणि तेल कितीही उंची आणलं तरी तो थांबत नाही. निळ्या धुराने निदान डोळे चुरचुरायचे, आम्ही बाजूला व्हायचो. तो गेला आणि आम्ही निर्धास्त झालो.

तेव्हापासून भिंतीआडच्या, कोंदट जागेत आम्ही विळा आणि कोयती घेऊनच उतरतो. मालकाला तसं आधीच सांगतो, वेळ जास्त लागेल म्हणून. मांगरात किंवा पडवीत मशीन 'जरा सुरू करून बघायचं' नाही. वारा पाठीवर घ्यायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन दुसरीच्या खांद्यावर. या शेवटच्या नियमावर मधलवाडीवाली भांडली, कारण तिचे तास कमी झाले. मग अवघड जागेचा दर वेगळा लावून तो तिला द्यायचा ठराव केला. मुलाला तिने यातलं काय सांगितलं, मी विचारलेलं नाही. ती या हंगामातही कामावर आहे.

तिसरं मशीन घ्यायचं चाललंय. फोर-स्ट्रोक ग्रास कटर मिळतो, त्यात मिसळामिसळीची भानगडच नाही, तेल त्याच्या जागी. मी त्याच्याच बाजूची होते. दुकानात एकेकीने खांद्याला लावून पाहिला आणि दोघींनी लगेच खाली ठेवला. आमच्या मशीनपेक्षा तो चांगलाच जड आहे, आणि उतारावर दिवसभर तो वागवायचा त्यांना आहे, मला नाही. बॅटरीवरचाही पाहिला. हलका, धूर नाही, आवाज कमी. पण चार लिटर पेट्रोलचं काम करायला बॅटऱ्या किती लागतील आणि बागेत त्या चार्ज कुठे करायच्या, यावर गाडं अडलंय. पुढच्या बैठकीत पुन्हा विषय आहे.

राहता राहिला तो जुना 'सुपर'चा डबा, निम्मा भरलेला. नव्या तेलात तो मिसळायचा नाही, परसात ओतायचा नाही, विहीर जवळ आहे. खजिनदार काकींना तो फुकट जाताना बघवेना. आता मिरगाच्या आधी त्यात फडकं बुडवून अकराजणींच्या कोयत्यांना, विळ्यांना आणि आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना ते तेल लागतं. फाटक कुरकुरत नाही. सासूबाईंची मात्र तक्रार आहे, की त्यामुळे दुपारी कोण आलं-गेलं ते त्यांना कळेनासं झालंय.